पेशी चालवणारा मुकुंद

मुकुंदानं आणि मी मिळून शेवटचं काय केलं असेल, तर मटार सोलले. गच्चीवर उन्हात पोतं अंथरलं होतं, मधे परात, आणि आम्ही दोघं दोन बाजूंना. थंडीत बनारसला घरोघर हेच चालतं. संध्याकाळी चूडा-मटर करायचा होता, म्हणजे पोहे आणि कोवळे मटार तुपात परतायचे. मी शेंग दाबतो, अंगठा फिरवतो, दाणे परातीत. माझ्या मूठभर शेंगा होईतो त्याची एक. तो शेंगेचं नुसतं टोक मोडायचा आणि मागून दाबत दाबत एकेक दाणा पुढच्या तोंडातून बाहेर काढायचा. मोठा दाणा अडकला की थांबायचा.

"अरे, आजच जेवायचंय," मी म्हटलं.

"काका, बघा ना. आधी चपटा होतो, मग निघतो."

"फुटतो."

"नाही फुटत. घाई केली तर फुटतो."

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन पावसाळा उलटला होता, दिवाळी उलटली होती. त्या सगळ्या दिवसांत मी माणसासारखं बोललो असेन तर याच्याशी. आणि त्या संध्याकाळनंतर मी त्याच्याशी एकच वाक्य बोललो, तेही दुसऱ्या दिवशी सकाळी.

मुकुंद आमचा किरायेदार. वरची खोली त्याची. आमचं भोजनालय भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. वडील साताऱ्याकडून आचारी म्हणून आले, मी इथंच जन्मलो, चौथीनंतर शाळा सोडून चुलीपुढं बसलो. आमच्याकडे येतात ती मंडळी महाराष्ट्रातली. कुणी अस्थी घेऊन आलेलं, कुणी श्राद्धाला. घाटावरचं आटपलं की भूक लागते. रडून माणूस फार जेवतो, हे मी सांगतो तुम्हाला. मरणाचं बोलणं आमच्या घरात मिठाच्या बोलण्यासारखं. कधी गेले, काय झालं होतं, भात वाढू का, हे सगळं एका दमात विचारायची सवय. म्हणजे माझ्यापासून मरणातलं काही लपवून ठेवावं असा मी माणूस नव्हे. हे आधीच सांगून ठेवतो.

तो आला तेव्हा त्याच्याजवळ दोन बॅगा होत्या आणि एक खोका, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, उलटं करू नये. मूळचा सोलापूरकडचा, चाळिशीला टेकलेला, लग्न केलेलं नाही, विद्यापीठात संशोधनाला. हिनं चहा दिला आणि विचारलं, "काय करता तुम्ही?"

"पेशी चालवतो," तो म्हणाला.

हिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "कोर्टातली पेशी का?" आमच्याकडे तारखेला पेशी म्हणतात. तो हसला नाही. त्यानं नीट समजावलं. कॅन्सरच्या पेशी एका जागी बसत नाहीत, चालतात. जिथं गाठ झाली तिथंच बसल्या तर माणूस वाचतो, कापून टाकली की झालं. पण त्या उठतात आणि दुसरीकडे जाऊन घर करतात. त्या कशा चालतात, कशानं थांबतात, ते तो बघायचा. त्यासाठी तो पारदर्शक रबराची वडी करायचा, अळूवडीच्या तुकड्याएवढी. तिच्यात केसाहून बारीक नळ्या. एका टोकाला पेशी सोडायच्या, दुसऱ्या टोकाला त्यांचं खाणं ठेवायचं. मधली वाट काही ठिकाणी पेशीपेक्षाही अरुंद. मग कॅमेरा लावून बसायचं.

"म्हणजे मुंग्या आणि साखर," ही म्हणाली.

"हो काकू. अगदी तेच," तो म्हणाला. त्या दिवसापासून हिच्या तोंडून त्याला तुम्ही निघालं नाही, आणि त्याला भाडेकरू म्हणायचं मला जमलं नाही.

त्या वडीला चिप म्हणतात. हे गल्लीत कळायला वेळ लागला नाही. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "का डाक्टर साहब, आज कउन चिप बनल? आलू क कि केला क?" हा रोज थांबून उत्तर द्यायचा, "आज नहीं बनी, बुलबुला आ गया." पानवाला मान हलवायचा, जसं काही दुकानातलं दूध नासलं.

बुडबुडा हा त्याचा वैरी. दोन पातळ रसायनं कालवून साच्यावर ओतायची, त्यातली हवा काढायची, भट्टीत तापवायचं, मग साल सोलल्यासारखी वडी सोलायची. एवढं करून एक बुडबुडा राहिला तरी नळी बंद. त्यामुळं घरीसुद्धा त्याचं लक्ष तिकडेच. चहा दिला की कप ओट्यावर टकटक आपटायचा आणि फेस बसेपर्यंत बघत राहायचा. चहा थंड. ही जिलबीचं पीठ फेटायला बसली की हा अस्वस्थ व्हायचा. एकदा म्हणाला, "काकू, ह्यातली हवा काढायला हवी." ही म्हणाली, "हवा काढली तर जिलबी होईल का रे? तुझं तू रबर कर." त्यानं ते मनावर घेतलं. पुढं जिलबीच्या दिवशी तो वर जाऊन बसायचा.

दुसरा वैरी धूळ. खिशात कायम चिकटपट्टीचं रीळ. वडीवर धूळ बसली की चिकटपट्टी लावायची आणि ओढून काढायची, अशी त्यांची रीत. हा तीच रीत जगाला लावायचा. माझ्या काळ्या टोपीला पट्टी लावून सर्रकन ओढली आणि वर धरून मला दाखवली, "हे बघा काका, एवढं होतं तुमच्या डोक्यावर." हिचा चष्मा तो पट्टीनंच पुसायचा. एका दिवाळीला हिनं देवघर आवरायला काढलं, तर ह्यानं मदत म्हणून भिंतीवरच्या हातानं रंगवलेल्या जुन्या गणपतीला पट्टी लावली. ओढली तर गणपतीचा एक डोळा पट्टीवर. मग ही जी हसायला लागली ती खाली बसली. त्यानं प्रयोगशाळेतून भिंग आणलं, बारीक टोकाचं पेन आणलं आणि दुपारभर बसून डोळा परत काढला. पण नजर जरा सरकली. आमचा गणपती तेव्हापासून स्वयंपाकघराकडे बघतो. ही म्हणायची, "बरं झालं. आता उतू गेलं की त्यालाही दिसेल."

आता त्याची मुख्य खोड सांगतो. विचारल्याशिवाय तो काही सांगायचा नाही. विचारलं तर खरं सांगायचा, अगदी तोंडावर. पुण्याच्या एका यजमानीणबाईंनी माझ्यासमोर त्याला विचारलं, पुरणपोळी कशी झालीय. म्हणाला, "काल बरी होती." पण न विचारलेलं तोंडातून निघायचं नाही. दोन वर्षं ही त्याला आठवड्याला कारल्याची भाजी वाढत होती. तो ताट पुसून खायचा. एकदा बोलता बोलता हिनं विचारलं, "आवडतं ना रे कारलं?" तर म्हणाला, "नाही. उलटी येते." ही कपाळाला हात लावून बसली. "मग दोन वर्षं?" तर म्हणे, "तुम्ही विचारलं नव्हतं."

असंच मांजरीचं. ऐन थंडीत एक मांजर त्याच्या रजईत व्याली. हा खाली फरशीवर वर्तमानपत्रं घालून झोपायला लागला. आम्हाला पत्ता नाही. ताप भरला तेव्हा ही काढा घेऊन वर गेली आणि बघते तर पलंगावर मांजर, पिल्लं, आणि हा कोपऱ्यात मफलर गुंडाळून. "अरे, दुसरी रजई मागायची." "कुणी विचारलं नाही काकू." हिनं खाली येऊन मला सांगितलं, "ह्याला देवानं तोंड नुसतं जेवायला दिलंय."

मला ते आवडायचं. आमच्या धंद्यात गोड बोलणारे रग्गड भेटतात. हा खोटं बोलत नाही, एवढ्यावर मी त्याला घरचा मानला. सणाच्या दिवशीसुद्धा तो सकाळी उठून प्रयोगशाळेत जायचा. मी म्हणायचो, आज तरी राहा. तर म्हणायचा, "त्यांना खायला घालायचंय काका. उपाशी राहतील." पेशींचं पाणी बदलावं लागतं, त्यात त्यांचं खाणं असतं. हे ऐकून मी कधी अडवला नाही. जेवू घालायला निघालेल्याला मी कसा अडवणार?

मग हिच्या छातीत गाठ निघाली.

त्या दिवसांचं फार लिहीत नाही. मुकुंदानं सगळी धावपळ केली. दवाखान्यात कुठल्या खिडकीला जायचं, कुठला डॉक्टर बरा, सगळं त्यानं बघितलं. ऑपरेशनच्या दिवशी मी खाली औषधाच्या रांगेत आणि तो वर हिच्याजवळ. मी वर आलो तर ही स्ट्रेचरवर, आणि दोघं कसल्याशा बोलण्यावर हसत होती. मला बरं वाटलं. हसतेय म्हणजे भीती गेली. मी विचारलं, "काय चाललंय?" ही म्हणाली, "काही नाही, मुंग्या आणि साखर." मी पिशवी ठेवली आणि तिचे पाय दाबत बसलो.

केस गेले, परत थोडे आले, मग खोकला सुरू झाला. पेशी छातीतून फुफ्फुसात चालत गेल्या होत्या. तिला एकदा सासवडला जायचं होतं. तिथं तिची थोरली बहीण आहे. लग्न होऊन आली त्यानंतर हातावर मोजण्याइतकी गेली असेल. मी म्हणत राहिलो, बरी हो, मग जाऊ. उन्हाळ्यात ती घरीच गेली, मागच्या खोलीत, माझा हात तिच्या पाठीखाली होता. मणिकर्णिकेवर नेली. मुकुंदानं खांदा दिला. घाटावर तो शेवटपर्यंत उभा होता, चष्म्यावर राख बसली तरी पुसली नाही त्यानं.

दहाव्या दिवशी अमृतराव घाटावर पिंड ठेवला. आमचे विष्णू गुरुजी होते, माझे लहानपणचे. कावळा शिवेना. बनारसचा कावळा खरं तर हावरट. एरवी गुरुजींचं बोट पानाला लागलं तरी झडप घालतो. त्या दिवशी दोन कावळे समोर कठड्यावर बसलेले, मान वाकडी करून बघत, पण खाली येईनात. माणसाचं काही राहिलं असेल तर शिवत नाही, असं आपण मानतो. मी बोलायला लागलो. सासवडला नेलं नाही, चुकलं. बहिणीला इथं आणतो. कुड्या भाचीला देतो. भोजनालय चालू ठेवतो. तुझ्या तुळशीला पाणी घालतो. जे सुचेल ते बोललो. मी दुसऱ्यांना हे करताना आयुष्यभर पाहिलंय, आणि आता लोक उन्हात ताटकळत मला बघत होते. कावळे हलले नाहीत.

शेवटी मी मागं वळलो. मुकुंद चपला हातात घेऊन उभा होता. मी म्हटलं, "मुकुंदा, तुझ्याशी ती बोलायची. तुला काही म्हणाली होती का? काही राहिलंय का तिचं?"

त्यानं चपला एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या आणि म्हणाला, "नाही काका."

गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. तशी सोय असते. पाणी सोडलं आणि घरी आलो. तेराव्याला मुकुंदानं पंगतीत वाढलं.

त्यानंतर मी स्वयंपाक करायचो, पण जेवायचो नाही. पोरं ठेवली होती, ती वाढायची. भात बोटांनी फिरवायचा आणि उठायचं, असं माझं चाललं होतं. मुकुंद काही बोलला नाही, पण दिवाळी झाल्यावर एका रविवारी खाली येऊन म्हणाला, "काका, चला. दाखवतो तुम्हाला." मला स्कूटरवर मागं बसवलं आणि प्रयोगशाळेत नेलं. डोक्याला टोपी, पायाला प्लॅस्टिकच्या पिशव्या. मी म्हटलं, "सोवळं कडक आहे तुमचं." तिथल्या दोन पोरी हसल्या.

वडी हातात दिली. उजेडात धरली तर आत रेघा आहेत असं नुसतं वाटलं. मग त्यानं पडद्यावर चित्र लावलं. रात्रभर काढलेले फोटो एकामागं एक पळवायचे, म्हणजे पेशी चालताना दिसते. एक करडी, चिकट, गोगलगायीसारखी वस्तू नळीतून आली. तिला डोळे नाहीत, तोंड नाही, पण खाणं कुठं आहे ते बरोबर ठाऊक. वाट अरुंद झाली तिथं थांबली. आधी एक बारीक पाय पुढं घातला. मागं घेतला. परत घातला. तिच्या पोटात एक मोठी बी असते, ती अडकते, असं मुकुंद म्हणाला. मी खुर्ची पुढं ओढली. ती बी दाबली गेली, लांब झाली, आता फुटते की काय असं झालं. मी म्हणायला लागलो, "ये, ये, थोडंच राहिलंय, ये." आणि ती सुटली. पलीकडे येऊन परत गोल झाली, जसं काही झालंच नाही. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. पोरी हसल्या, मीही हसलो, आणि हसल्यावर लक्षात आलं की हिच्यामागं पहिल्यांदाच हसतोय.

"ह्या सगळ्यांत चिवट," मुकुंद म्हणाला. "बाकीच्या थोड्या दिवसांत मरतात. ह्या टिकल्या."

येताना आम्ही लंकेवर, म्हणजे विद्यापीठाच्या दारासमोरच्या चौकात, कचौडी खाल्ली. मी चार खाल्ल्या. कुणाच्या पेशी होत्या हे मी विचारलं नाही. त्या कुणाच्या तरी असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता ती मटाराची संध्याकाळ. चूडा-मटर झाला, दोघं जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी हिचं महिन्याचं श्राद्ध होतं, म्हणून मी लवकर आवराआवर करत होतो. मुकुंदानं स्वतःचं ताट घासलं, उपडं ठेवलं आणि म्हणाला, "काका, मला पुण्याला नोकरी लागलीय. उद्या सकाळची गाडी आहे."

"उद्या? आणि हे आज सांगतोस?"

यावर तो जे म्हणेल ते मला ठाऊक होतं, म्हणून मीच हात केला. राहू दे म्हटलं. बॅगा कधी भरल्या, हे विचारलं. परवाच, म्हणाला. मला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याची मला आता सवय होती. मी म्हटलं, "जा बाबा. मोठा हो. तुझ्या त्या वड्यांचं काय?"

"पेशी नेतोय. गोठवून पाठवतात. विमानानं जातील."

"कुठल्या?"

मी सहज विचारलं होतं. तो ओट्याला टेकला आणि म्हणाला, "काकूंच्या."

मला आधी अर्थच लागला नाही. मी म्हटलं, "काकूंच्या म्हणजे?"

मग त्यानं सगळं सांगितलं. ऑपरेशनला गाठ काढली त्यातला तुकडा प्रयोगशाळेत गेला होता. हिनंच द्यायला सांगितलं होतं, दवाखान्याच्या लोकांसमोर, रीतसर, मी खाली रांगेत असताना. त्यातल्या पेशी जगल्या. वाढल्या. एका भांड्याची दोन झाली, दोनाची चार. हिला जाळलं त्या दिवशी त्या तिकडे चालत होत्या. दहाव्याला चालत होत्या. सणासुदीला तो ज्यांना खायला घालायला जायचा त्यांत ह्याही होत्या.

"आणि मला दाखवल्यास त्या?"

"त्याच."

मी तिला टाळ्या वाजवल्या होत्या. जी गोष्ट तिच्या छातीतून निघून फुफ्फुसात गेली आणि तिचा श्वास बंद केला, तिला मी ये ये म्हणत होतो, खुर्ची पुढं ओढून.

"तू मला बसू दिलंस तिथं."

"तुम्ही हसत होता काका. जेवलात त्या दिवशी."

"घाटावर मी तुला विचारलं होतं. काही राहिलंय का तिचं. विचारलं होतं की नव्हतं?"

"विचारलं होतं."

"मग?"

तो म्हणाला, "काकूंना शब्द दिला होता. तुम्हाला सांगायचं नाही म्हणाल्या."

मी त्याला जे विचारायचं ते विचारलं, आणि तो आता खरं बोलायला लागला होता तर सगळंच बोलला. ही त्याला म्हणाली होती, आमच्या ह्यांना सांगू नकोस. ते काशीचे आहेत. एवढासा तुकडा बाहेर राहिलाय कळलं तर दहाव्याला अडून बसतील, सगळं जाळल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरणार नाही. त्यानं विचारलं होतं, काकू, तुम्हाला चालेल ना? त्यावर ती म्हणाली, "इथं सगळी सुटायला येतात रे. मला नाही एवढी घाई सुटायची."

चाळीस-बेचाळीस वर्षं माझ्या शेजारी भाजी चिरत बसलेली बाई. घाटावरून आलेल्या हजार जणांना माझ्याबरोबर तिनं वाढलं. काशीत मरण आलं म्हणजे जन्माचं सार्थक, हे मी रोज बोलायचो आणि ती रोज ऐकायची. तिला घाई नव्हती, हे तिनं मला सांगितलं नाही. वरच्या किरायेदाराला सांगितलं. मरणाचं बोलायला भारी पडेल असा मी तिला का वाटलो, हे मला अजून उमगत नाही. मुकुंदावर चिडता येतं, तो समोर होता. हिच्यावर चिडायला ती कुठं सापडणार? आणि आता तर तेही नीट म्हणता येत नव्हतं, ती कुठं आहे आणि कुठं नाही.

मी म्हटलं, "काशीत गेलेल्या बाईला तू काशीबाहेर नेतोस?"

त्याला वाटलं असावं की मला काही समजूत हवी आहे. म्हणाला, "त्यांना पुण्याकडे जायचं होतं ना काका. सासवड तिथून..."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "तिला बहिणीच्या ओसरीवर बसून चहा प्यायचा होता. तुझ्या बर्फाच्या डब्यात बसून जायचं नव्हतं."

त्याचे डोळे भरले होते, हे लिहायला हवं. मला त्याचं काही वाटलं नाही, हेही लिहायला हवं. मग तो म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात तर नेणार नाही. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन संपवतो आणि तसाच स्टेशनवर जातो. औषध टाकलं की मरतात. मग भट्टीत जाळतात. पाच वर्षांचं काम आहे, त्यातलं निम्मं ह्यांच्यावर उभं आहे. कुठल्या औषधानं त्या थांबतात ते आता कुठं दिसायला लागलंय. पण तुम्ही सांगाल तसं."

म्हणजे ते दोघांनी ठरवलं, दोघांनी लपवलं, आणि मारायचं की ठेवायचं ते मात्र मी सांगायचं. मी दिवा घालवला आणि मागच्या खोलीत गेलो. तो जिन्यावर बसून होता. वर गेल्याचा आवाज मी ऐकला नाही.

सकाळी मी उठून आंघोळ केली. पिंडाचा भात चुलीवर ठेवला, कारण दिवस ठरलेला होता आणि हाताला दुसरं काम ठाऊक नव्हतं. भात झाला. विष्णू गुरुजी आले, दर्भ, तीळ, पिशवीतून सगळं काढून मांडायला लागले. मुकुंद दोन्ही बॅगा घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभा राहिला. माझ्याकडे बघत होता.

मी गुरुजींना म्हटलं, "आज नको."

"म्हणजे? सुतक आलं की काय कुणाचं?"

"नाही. श्राद्ध करायचं नाही."

"भाऊ, तिथी आज आहे. उद्या करून चालत नाही."

"उद्याही करायचं नाही. ती सगळी गेलेली नाही अजून."

गुरुजी हातातला दर्भ तसाच धरून बघत राहिले. लहानपणापासून ओळखतात मला. म्हणाले, "झोपला नाहीस का रात्री?"

"झोपलो. गुरुजी, ज्याचं थोडं जरी चालतंबोलतं आहे त्याचं श्राद्ध करतात का?"

"भलतंच काय बोलतोस?"

"करतात का ते सांगा."

"नाही करत," ते म्हणाले. "कसं करतील?"

"मग ठेवा पिशवीत."

ते पुटपुटत उठले. मी त्यांना कपभर चहा घ्या म्हटलं, ते नको म्हणाले आणि गेले. पुढच्या वेळी मला वैद्याकडे न्यायचं हे त्यांनी मनात ठरवलं असणार.

मुकुंद तिथंच होता. त्यानं ऐकलं होतं. बॅगा खाली ठेवल्या आणि पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतले. त्याचा हात फरशीला लागला, तसाच थोडा वेळ राहिला. मी म्हटलं, "गाडी चुकेल तुझी." तो उठला, खोलीची किल्ली ओट्यावर ठेवली, बॅगा उचलल्या. दार अरुंद आहे आमचं, त्याला आधी एक बाहेर ठेवून मग दुसरी काढावी लागली. गल्लीत पानवाल्यानं त्याला काहीतरी विचारलं. त्यानं थांबून उत्तर दिलं. काय ते मला ऐकू आलं नाही.

मी दार लावून घेतलं. पिंडाचा भात तसाच होता, त्यात मीठ नसतं. मी मीठ घातलं, तूप घातलं, आणि तिथंच चुलीपुढं बसून तो सगळा भात खाल्ला.